पीळ कुठे सुटतो

पृथ्वीवर कुठेही उभं राहिलं तरी पायाखालची जमीन सपाट वाटते. गणिती या भासाला नेमकं रूप देतात. गोलाच्या प्रत्येक बिंदूला टेकणारं एक सपाट प्रतल ते कल्पितात, आणि त्या ठिकाणच्या आडव्या वाऱ्याचा बाण त्या प्रतलात काढतात. गोलावरच्या सगळ्या बिंदूंची ही सगळी प्रतलं एकत्र घेतली की एक व्हेक्टर बंडल तयार होतं. हे बंडल पिळलेलं आहे. गोलभर, कुठेही खंड न पडू देता, प्रत्येक बिंदूवर शून्य नसलेला एक बाण निवडायला जा. कुठेतरी बाण शून्य करावाच लागतो. प्रतलं जर गोलभर एकाच ठेवणीत ओळीनं मांडता आली असती, तर एकाच दिशेचा बाण सगळीकडे ठेवून आपण मोकळे झालो असतो.

आता प्रत्येक बिंदूवर, जमिनीला काटकोनात, आकाशाकडे जाणारी एक रेषा जोडा. प्रतलाच्या दोन मिती, रेषेची एक, मिळून तीन. या तीन मिती म्हणजे आपलं नेहमीचं त्रिमित अवकाशच, आणि ते मुंबईत, लिमामध्ये, उत्तर ध्रुवावर सगळीकडे तेच आहे. एक साधी रेषा जोडल्याबरोबर सगळा पीळ सुटला.

या लेखाचा विषय एवढाच आहे. पिळलेल्या बंडलाला दुसरं एखादं बंडल जोडून बेरीज सरळ करता येते का? येत असेल, तर त्या दुसऱ्या बंडलाला मी पूरक म्हणेन. प्रश्न लहान दिसतो, पण त्याचं उत्तर आपण कोणत्या अवकाशावर उभे आहोत यावर इतकं अवलंबून आहे, की विसाव्या शतकातल्या टोपॉलॉजीचा बराच मोठा भाग त्याच्या वाटेवर भेटतो. मला हा प्रश्न फार आवडतो. ‘आहे’ असं म्हणण्याचे दोन वेगळे अर्थ तो इतक्या स्वच्छपणे समोर ठेवतो, की दुसरीकडे तसं क्वचितच पाहायला मिळतं.

कागदाची पट्टी अर्धा पीळ देऊन चिकटवली की मोबियसची पट्टी होते. 1858 मध्ये मोबियस आणि लिस्टिंग या दोघांनी ती स्वतंत्रपणे अभ्यासली. वर्तुळाच्या प्रत्येक बिंदूवर एक रेषा, आणि एक फेरी पूर्ण होईपर्यंत ती रेषा उलटी झालेली, असं हे बंडल. त्याला पूरक कोण? दुसरी मोबियस पट्टीच. प्रत्येक बिंदूवर दोन रेषा मिळून एक प्रतल होतं, आणि फेरीअखेर दोन्ही रेषा उलटणं म्हणजे ते प्रतल 180 अंशांत फिरणं. तेवढं फिरणं वाटेतच हळूहळू उलट दिशेनं फिरवून भरून काढता येतं. एका रेषेला फिरायला जागा नव्हती. प्रतलात ती मिळाली.

बंडलांची अशी बेरीज 1935 च्या सुमारास अमेरिकेत हॅस्लर व्हिटनी यांच्या कामातून पुढे आली, आणि तिला आजही त्यांचंच नाव आहे. त्याच काळात झ्युरिकमध्ये एडुआर्ड श्टीफेल यांना पीळ मोजायची साधनं सापडली. दोघांच्या नावानं ओळखले जाणारे श्टीफेल–व्हिटनी वर्ग म्हणजे पिळाचे साक्षीदार. प्रत्येक बंडलाला एक बहुपदी मिळते, सरळ बंडलाची बहुपदी 1 असते, आणि दोन बंडलांच्या बेरजेची बहुपदी म्हणजे त्या दोघांच्या बहुपदींचा गुणाकार. बंडलाला पूरक असेल, तर त्याच्या बहुपदीला गुणून 1 करणारी दुसरी बहुपदी असलीच पाहिजे. हे वाक्य ध्यानात ठेवावं. पुढची सगळी मारामारी त्याच्यावर आहे.

अवकाश कॉम्पॅक्ट असेल, म्हणजे ढोबळ मानानं मर्यादित आणि कडा सुटलेल्या नसलेलं, तर पूरक नेहमीच मिळतं. कारण सोपं आहे. कोणतंही बंडल लहान तुकड्यांवर सरळच असतं. अवकाश कॉम्पॅक्ट असल्यानं मोजके तुकडे पुरतात. प्रत्येक तुकड्यासाठी काही मिती राखून ठेवल्या, की सगळं बंडल एका मोठ्या पण सांत मितीच्या सरळ बंडलात बसतं, आणि त्यात त्याच्या काटकोनात उरतं ते पूरक. 1962 मध्ये रिचर्ड स्वान यांनी दाखवलं, की ही गोष्ट बीजगणितातल्या एका जुन्या कल्पनेशी तंतोतंत जुळते: कॉम्पॅक्ट अवकाशावरची बंडलं म्हणजे त्या अवकाशावरच्या सतत फलनांच्या रिंगवरची प्रोजेक्टिव्ह मोड्यूल्स. मुक्त मोड्यूलचा जो हिस्सा होऊ शकतो, म्हणजेच ज्याला पूरक आहे, तेच प्रोजेक्टिव्ह.

या बीजगणिती बाजूनं मुंबई या गोष्टीत येते. 1955 मध्ये झाँ-पिएर सेर यांनी विचारलं होतं, की बहुपदींच्या रिंगवरचं प्रत्येक प्रोजेक्टिव्ह मोड्यूल मुक्तच असतं का. सेर यांनी स्वतः पुढे एवढं सिद्ध केलं, की त्याला एक मुक्त मोड्यूल जोडलं तर बेरीज मुक्त होते. म्हणजे पूरक तर मिळतंच, आणि तेही सरळच. पण न जोडता? 1958 मध्ये दोन चलांसाठी होकारार्थी उत्तर दिलं ते सी. एस. शेषाद्री यांनी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हे तरुण गणिती त्या वेळी पॅरिसमध्ये होते. कितीही चलं असली तरी उत्तर होकारार्थीच आहे, हे 1976 मध्ये डॅनियल क्विलन आणि आंद्रेइ सुस्लिन यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे सिद्ध केलं. मधल्या काळात या प्रश्नानं मुंबईत एक परंपरा उभी केली. पवमान मूर्ती, अमित रॉय, एस. एम. भातवडेकर, राजा श्रीधरन, रवी राव अशा अनेकांचं काम त्या परंपरेत वाढलं.

मुंबईचा दुसरा धागा तर थेट आपल्या प्रश्नाला भिडतो. 1961 आणि 1963 मध्ये एम. एस. नरसिंहन आणि एस. रामनन यांनी ‘अमेरिकन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये दोन लेख प्रसिद्ध केले. बंडलावर एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत बाण कसा न्यायचा, याच्या नियमाला कनेक्शन म्हणतात. या दोघांनी दाखवलं, की ठरावीक मितीपर्यंतच्या अवकाशांवरची सगळी कनेक्शनं एकाच वैश्विक नमुन्यातून येतात. बंडल मोठ्या सरळ बंडलात ठेवायचं, बाणाचा बदल तिथे साधेपणानं मोजायचा, आणि मग पूरकाच्या दिशेचा भाग टाकून द्यायचा. इथे पूरक शोभेसाठी नाही. सगळी रचना त्याच्या पाठीवर उभी आहे. आणि ‘ठरावीक मितीपर्यंत’ ही अट काढून टाकली की काय होतं, तेच आता पाहायचं आहे.

प्रतलात आरंभबिंदूतून जाणाऱ्या सगळ्या रेषा घ्या. प्रत्येक रेषा हा एक बिंदू मानला तर त्यांचं वर्तुळ होतं. त्या वर्तुळाच्या प्रत्येक बिंदूवर तीच रेषा ठेवली की मिळते मोबियसची पट्टी. त्रिमित अवकाशातल्या रेषा घेतल्या तर प्रक्षेपी प्रतल मिळतं; n+1 मितींतल्या घेतल्या तर n मितींचं प्रक्षेपी अवकाश. प्रत्येकावर रेषांचं हे नैसर्गिक बंडल आहेच, आणि त्याचं पूरकही डोळ्यांसमोर आहे: त्या रेषेला काटकोनात असलेलं सगळं. त्याची मिती n. याहून लहान पूरक मिळेल का? साक्षीदाराला विचारू. रेषेच्या बंडलाची बहुपदी 1 + x, आणि इथे हिशेब सम-विषमाचा, म्हणजे 1 + 1 = 0. 1 + x ला गुणून 1 करणारी राशी 1 + x + x² + x³ + … अशी निघते. n मितींच्या प्रक्षेपी अवकाशावर xⁿ शून्य नसतो, पण त्याच्या पुढचा घात शून्य असतो; म्हणून राशी xⁿ पाशी थांबते आणि पूरकाला निदान n मिती लागतातच. काटकोनातलं पूरक सर्वांत लहान ठरलं.

आता n वाढवत न्या, आणि शेवटी अनंत मितींच्या अवकाशातल्या सगळ्या रेषा एकदम घ्या. x चा कोणताच घात शून्य होत नाही. राशी कधीच थांबत नाही, आणि सांत मितीच्या बंडलाची बहुपदी तर थांबायलाच हवी. म्हणून इथे पूरक नाही. प्रत्येक टप्प्यावर होतं, सगळ्या टप्प्यांना मिळून एक नाही. कितीही हुशारी केली तरी हा पीळ सुटणार नाही, हे दोन ओळींत सिद्ध होतं. मला गणितातल्या सर्वांत नितळ युक्तिवादांपैकी हा एक वाटतो.

हे अनंत प्रक्षेपी अवकाश आडवाटेचं नाही. कोणताही गट घ्या, म्हणजे गणिती अर्थाचा ग्रुप: एकापाठोपाठ करता येतील आणि उलटवताही येतील अशा क्रियांचा संच. एका बिंदूपर्यंत आक्रसता येईल असं अवकाश शोधा, ज्यावर या गटाची ओळखक्रिया सोडली तर कोणतीही क्रिया एकही बिंदू जागच्या जागी ठेवत नाही. मग एकमेकांवर जाणारे बिंदू एकच मानून टाका. जे उरतं ते त्या गटाचं वर्गीकरण-अवकाश. प्रत्येक गटासाठी ते बांधायची कृती जॉन मिल्नर यांनी 1956 मध्ये दिली. दोनच घटकांचा गट घेतला, ‘काही करू नका’ आणि ‘उलटवा’, तर अनंत मितींच्या गोलावर प्रत्येक बिंदू समोरच्या बिंदूवर पाठवायचा. जोड्या एक केल्या की आरंभबिंदूतून जाणाऱ्या रेषाच मिळतात. म्हणजे आपलं अनंत प्रक्षेपी अवकाश हे सर्वांत छोट्या खऱ्याखुऱ्या गटाचं वर्गीकरण-अवकाश आहे. आणि गटाच्या प्रत्येक क्रियेला एकेक मॅट्रिक्स नेमून दिला, म्हणजे त्या गटाचं रिप्रेझेंटेशन दिलं, की त्यातून वर्गीकरण-अवकाशावर एक बंडल आपोआप तयार होतं. ‘उलटवा’ला −1 नेमला की रेषांचं बंडल.

इथे दुसरी बाजू पुढे येते. 1957 मध्ये अलेक्झांडर ग्रोतेंदीक यांनी बंडलांची वजाबाकी करायची रीत काढली. टोपॉलॉजीत ती मायकल अतिया आणि फ्रीडरिश हिर्त्सेब्रुख यांनी आणली आणि तिचं के-थिअरी झालं. तिथे प्रत्येक बंडलाला उणे आहेच. वहीत येणं मांडता येतं, म्हणून रोकड हातात आली असं नव्हे. हा फरक कॉम्पॅक्ट अवकाशावर जाणवत नाही, कारण तिथे प्रत्येक उण्यामागे, एखादा साधा पूर्णांक सोडला, तर खरं बंडल उभं असतं. वर्गीकरण-अवकाशावर मात्र दोन्ही हिशेब फाटतात. 1961 मध्ये अतिया यांनी सांत गटांसाठी हा वहीतला हिशेब पूर्ण सोडवला: गटाच्या रिप्रेझेंटेशनांची रिंग घ्यायची आणि तिची एका विशिष्ट रीतीनं पूर्ती करायची. पूर्ती म्हणजे काय, ते आपल्या दोन घटकांच्या गटावर अतिशय देखणं दिसतं.

रेषांचं बंडल आता वास्तव संख्यांऐवजी संमिश्र संख्यांवर घेऊ आणि त्याला L म्हणू. दोन मितींच्या प्रक्षेपी अवकाशावर L च्या दोन प्रती मिळून सरळ होतात. चार मितींच्या अवकाशावर चार प्रती, सहा मितींच्या अवकाशावर आठ. म्हणजे L चं पूरक म्हणून L च्याच आधी 1, मग 3, मग 7, मग 15 प्रती चालतात. वेगळं लिहायचं तर 1, 1+2, 1+2+4, 1+2+4+8. टप्पे अनंत केले की 1+2+4+8+… इतक्या प्रती. ही बेरीज फुगत जाते असं आपण शाळेत शिकतो. पण कुर्ट हेन्झेल यांनी 1897 मध्ये मांडलेल्या 2-अ‍ॅडिक संख्यांत, जिथे 2 चा जितका मोठा घात तितकी ती संख्या शून्याच्या जवळ, या बेरजेची किंमत आहे −1. तपासून पाहा: तिच्यात 1 मिळवा. 1 आणि 1 दोन, दोन आणि पुढचे दोन चार, चार आणि चार आठ. हातचा पुढे पुढे जातो आणि मागे काहीच उरत नाही. उरतं ते शून्य. L चं उणं म्हणजे ‘उणे एक प्रत’, आणि ती संख्या खऱ्या पूरकांच्या साखळीचीच मर्यादा आहे. वहीतलं उणं काल्पनिक नाही, ते खऱ्या गोष्टींच्या दिशेनंच येतं. तरी शेवटी तिथे एकही खरं बंडल नाही. हे पहिल्यांदा समजतं तेव्हा होणारा आनंद मी कुणालाही द्यायला तयार आहे.

मग साक्षीदारांवर नेहमी विसंबता येतं का? नाही, आणि हा या विषयातला सर्वांत शिकवणारा भाग आहे. चार घटकांचा चक्रीय गट घ्या: चार वेळा केली की मूळपदावर येणारी एक क्रिया. तिला −1 नेमा. मिळणारं L पुन्हा एक पिळलेलं रेषा-बंडल. संमिश्र बंडलांचे साक्षीदार म्हणजे शिइंग-शेन चर्न यांचे वर्ग; इथे L ची बहुपदी 1 + 2x आहे, आणि 4x = 0. वर्ग करा: 1 + 4x + 4x², म्हणजे 1. साक्षीदार गप्प. त्याच्या मते L ला L हेच पूरक चालायला हरकत नाही. श्टीफेल–व्हिटनी वर्गही इथे असेच गप्प राहतात. यावरून पूरक आहे असा निष्कर्ष काढणारा फसेल.

बोलतं करावं लागतं ते के-थिअरीलाच. λ = L − 1 घ्या. बंडलातून त्याची मिती वजा करून लावल्या, तर ग्रोतेंदीक यांच्या गॅमा क्रिया L ला 1 + λt ही राशी देतात, सरळ बंडलाला 1 देतात, बेरजेचा गुणाकार करतात आणि कोणत्याही सांत बंडलाला t मधली बहुपदी देतात. पूरक असेल तर 1 + λt ला गुणून 1 करणारी बहुपदी हवी. ती राशी आहे 1 − λt + λ²t² − λ³t³ + …, आणि ती थांबायची तर λ चा एखादा घात शून्य व्हायला हवा. L दोनदा गुणलं की 1 येतं, म्हणून λ² = −2λ, λ³ = 4λ, λ⁴ = −8λ. अतिया यांच्या 1961 च्या प्रमेयानुसार वर्गीकरण-अवकाशाच्या के-थिअरीत λ ची कोणतीच शून्येतर पट शून्य होत नाही. घात थांबत नाहीत, म्हणून पूरक नाही.

हाच युक्तिवाद थोडा पसरला की सगळ्या सांत गटांसाठी निकाल मिळतो. रिप्रेझेंटेशन साधं नसेल, तर मूळ संख्येच्या घाताइतक्या पावलांनी मूळपदावर येणारा एखादा घटक त्यात हलतोच. त्या घटकाच्या चक्रीय गटावर उतरा. तिथे बंडल काही रेषा-बंडलांत फुटतं आणि गॅमा राशी अशाच गुणकांचा गुणाकार होते. त्या रिंगमध्ये शून्येतर घटकाचा घात शून्य होत नाही, म्हणून गुणून 1 करणारी बहुपदी मिळणं अशक्य. निष्कर्ष: सांत गटाच्या साध्या नसलेल्या रिप्रेझेंटेशनमधून आलेल्या एकाही बंडलाला वर्गीकरण-अवकाशावर पूरक नाही. अपवादच नाही.

रिप्रेझेंटेशनमधून न आलेली बंडलंही असतात. घटकांची संख्या एकाच मूळ संख्येचा घात असेल, तर विल्यम ड्वायर आणि अलेक्झांडर झाब्रॉडस्की यांच्या 1987 च्या प्रमेयानुसार अशी बंडलं नाहीतच. हे प्रमेय हेन्स मिलर यांनी 1984 मध्ये सोडवलेल्या सलिव्हान यांच्या अटकळीच्या खांद्यावर उभं आहे. इतर गटांत ती असू शकतात. वॉर्सामधले स्टेफान यात्स्कोव्स्की आणि पॅरिसमधले बॉब ऑलिव्हर यांनी 1996 मध्ये ‘आक्टा मॅथेमॅटिका’त दाखवलं, की खऱ्या बंडलांचा वजाबाकीसह हिशेब सिलो उपगटांच्या, म्हणजे एका मूळ संख्येच्या घाताइतके घटक असलेल्या सर्वांत मोठ्या उपगटांच्या, एकमेकांशी जुळणाऱ्या रिप्रेझेंटेशनांतून पूर्ण मिळतो. त्यामुळे पूरक असलेलं कोणतंही बंडल प्रत्येक सिलो उपगटावर सरळच असावं लागतं, आणि के-थिअरीत त्याला पीळ उरत नाही.

आता गट अनंत असेल तर? गट अनंत म्हणजे गोष्ट आणखी बिघडणार असं वाटेल, पण घडतं उलटं. एकाहून अधिक भोकांचा, बंद पृष्ठभाग घ्या. त्यावर काढता येणाऱ्या फेऱ्यांचा गट अनंत असतो, पण त्यात ओळखक्रिया सोडून कोणताच घटक मोजक्या पावलांत मूळपदावर येत नाही. आणि त्या गटाचं वर्गीकरण-अवकाश म्हणजे खुद्द तो पृष्ठभागच. दोन मितींचा, कॉम्पॅक्ट. त्याच्यावर प्रत्येक बंडलाला पूरक आहे. नरसिंहन आणि शेषाद्री यांचं 1965 चं प्रसिद्ध प्रमेय याच जागेवर घडतं: या गटाच्या युनिटरी रिप्रेझेंटेशनांमधून येणारी बंडलं बीजगणिती भूमितीत नेमकी कोणती, हे त्यांनी सांगितलं, आणि 1983 मध्ये अतिया आणि राऊल बॉट यांनी गेज-सिद्धांताच्या वाटेनं तोच विषय मोठ्या पटावर नेला. रिप्रेझेंटेशनपासून बंडल बनवण्याची कृती तीच, जी दोन घटकांच्या गटासाठी वापरली. तिथे तिनं कधीच न सुटणारा पीळ दिला. इथे सगळे पीळ सुटतात.

फरक गटाच्या आकाराचा नाही, त्यात मोजक्या पावलांत परत येणारे घटक आहेत की नाहीत याचा आहे. असा घटक असेल तर वर्गीकरण-अवकाश सांत मितींत कधीच बसत नाही, आणि तो घटक बंडलात हलत असेल तर वरचा युक्तिवाद पूरकाला अडवतो. उलट वर्गीकरण-अवकाश सांत मितींचं असेल, तर कॉम्पॅक्ट नसलं तरी मोजके तुकडे पुरतात आणि पूरक मिळतं.

दोन्ही बाजू एकाच गटात पाहायच्या असतील तर पूर्णांकांच्या 2×2 मॅट्रिक्सचा, डिटर्मिनंट 1 असलेला गट घ्या. त्यात −1 आहे, जो दोन पावलांत परत येतो. चार आणि सहा पावलांत परत येणारे घटकही आहेत. प्रत्येक मॅट्रिक्सला तोच मॅट्रिक्स नेमून मिळणारं दोन मितींचं बंडल −1 वर हलतं, म्हणून त्याला पूरक नाही. पण या गटाच्या पोटात त्याचा कम्युटेटर उपगट आहे. तो मूळ गटाच्या बाराव्या हिश्शाएवढा, दोन मुक्त घटकांपासून बनलेला, आणि त्याचं वर्गीकरण-अवकाश म्हणजे एका बिंदूवर जोडलेली दोन वर्तुळं. तेच बंडल संमिश्र संख्यांवर घेऊन त्या बारा पट आच्छादनावर नेलं, तर तिथे पूरक शोधायचीही गरज पडत नाही. ते आधीच सरळ असतं.